चुन्याखालचे चेहरे

भिंत गेल्याचं कळलं तो शनिवार होता. मुगालुला मागच्या दाराच्या पायरीवर बसून जेवणासाठी हिरवी केळी सोलत होता. सोलण्याआधी हाताला तेल लावायचं असतं, ते तो विसरला होता. बोटं चिकाने काळी झाली होती. फोन वाजला तेव्हा त्याने शर्टाला हात पुसले आणि मग शर्टाकडे बघून स्वतःवरच वैतागला.

"सेबो, मी लुयोम्ब्या." लुयोम्ब्या त्याच्या बायकोचा जुना विद्यार्थी, म्हणून त्याला आदराने सेबो, म्हणजे साहेब, म्हणायचा. आता तिच्याच विभागात शिकवायचा. "बुलेगाला आलोय, फोटो काढायला. चर्चमध्येच उभा आहे."

"बरं."

"भिंत पांढरी आहे."

"कुठली भिंत?"

"मॅडमची भिंत, सेबो. चुना मारलाय. वरपासून खालपर्यंत. एकही चेहरा दिसत नाही."

"ठीक आहे," मुगालुला म्हणाला आणि फोन ठेवला. मग त्याने उरलेली केळी सोलली, पानात गुंडाळली, भांड्यावर ठेवली, आणि शिजल्यावर तशीच झाकून ठेवून दिली. मार्चमध्ये दवाखान्यातल्या बाईंनी व्हरांड्यात येऊन त्याला सांगितलं होतं की तुमची पत्नी गेली, तेव्हाही तो ठीक आहे असंच म्हणाला होता. त्या बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नसेल. त्यांनी पुन्हा सांगितलं.

त्याची बायको, स्पेरान्सा नाक्कू, कंपालाच्या विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवायची. ती नोकरीला लागली तेव्हा तिच्या विभागात दोनच गोष्टींना किंमत होती. एक, परदेशी संग्रहालयांत नेऊन ठेवलेले जुने मुखवटे. दुसरी, शहरातल्या गॅलरीत टांगलेली, परदेशी पाहुणे विकत घेतात ती चित्रं. चर्चच्या भिंतींवर आणि चौकांत जे होतं ते कुणाचंच नव्हतं. ती म्हणायची, माणसं ज्याच्यासमोर रोज गुडघे टेकतात आणि ज्याला वळसा घालून भाजी आणायला जातात, ते कुणालाच कसं दिसत नाही?

मग ती तेच बघत फिरली. नायजेरियात चर्चची कोरलेली दारं, घानात चौकातले पुतळे, काँगोत एका मठातला लाकडी क्रूसाचा मार्ग. प्रत्येक दौऱ्याहून पाय सुजवून यायची. मुगालुला पाणीखात्यात पर्यवेक्षक होता. रजा मिळाली की तिला जवळपासच्या गावांत जुन्या पिकअपमधून घेऊन जायचा आणि शिडी धरायचा. शिडी धरताना त्याने इतके संत आणि इतके पुढारी खालून बघितले की कुणाच्या नाकपुड्या कुणी चांगल्या काढल्यात एवढं तो सांगू शकायचा. बाकी कलेतलं आपल्याला काही कळतं असं त्याला कधी वाटलं नाही.

तिचे लेख परत यायचे. हे कलेत धरायचं की भक्तीत, ते लेखिकेने आधी ठरवावं, असं कुठल्याशा परदेशी परीक्षकाने लिहिलेलं असायचं. ती त्याचा आवाज काढून ते वाक्य म्हणायची आणि भांडी विसळायची. बढतीच्या समितीपुढे ती पुन्हा पुन्हा गेली. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं तिच्याआधी प्रोफेसर झाली. ती झाली तेव्हा निवृत्ती जवळ आली होती, आणि ती बातमी ऐकून आधी झोपली. बुलेगाच्या बायका मात्र तिला पहिल्या दिवसापासून प्रोफेसरबाईच म्हणायच्या. त्यांना समितीची वाट बघावी लागली नाही.

बुलेगा तिचं पहिलं काम आणि शेवटचंही. मसाकाच्या पुढे, रस्ता सोडून आत गेलं की हे मिशन लागतं. स्वातंत्र्याच्या सुमाराला कालोली नावाच्या, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या एका गृहस्थाने चर्चच्या डाव्या भिंतीवर हुतात्म्यांची रांग काढली होती, ख्रिस्ती धर्म सोडेनात म्हणून जुन्या राजाने जाळलेल्यांची. आगीकडे चाललेले, हात बांधलेले, एकामागे एक. त्याला नमुन्यासाठी माणसं आणायला पैसे नव्हते, म्हणून त्याने गावातलीच माणसं उभी केली. शिंपी, दूधवाला, शाळेतला घंटा वाजवणारा. स्पेरान्साने आधी त्या रांगेवर प्रबंध लिहिला, आणि मग आयुष्यभर त्याच भिंतीचं मोठं पुस्तक लिहीत राहिली. पुस्तक संपलं होतं. प्रकाशकाने घेतलंही होतं. नव्या फोटोंसाठी तेवढं थांबलं होतं, कारण तिचे जुने फोटो डागाळले होते. लुयोम्ब्या त्यासाठीच गेला होता.

फोनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लुयोम्ब्या घरी आला. दारातच म्हणाला, "सेबो, तुम्ही जेवलात?"

"तू जेवलास का?"

"मी आधी विचारलं."

"मग तू खा. कालचं आहे. नाहीतर मला पुन्हा फेकावं लागेल."

लुयोम्ब्या बसला आणि खाता खाता बोलू लागला. त्याने बुलेगाच्या फादरना गाठलं होतं. फादर तरुण होते, नवे होते, आणि फार खूश होते. "मला म्हणतात, बघा, बाईंची शेवटची इच्छा पूर्ण केली. मी म्हटलं, कुठली इच्छा? तर म्हणतात, त्यांनी स्वतः मिस्साच्या प्रार्थनेनंतर उभं राहून सांगितलं होतं. सगळ्या गावाने ऐकलंय."

मुगालुलाने मान हलवली. त्यानेही ऐकलं होतं. नाताळच्या आधीची गोष्ट. ती तेव्हाच फार वाळली होती. बाकाची पाठ धरून उभी राहिली आणि थोडंच बोलली. ही भिंत मरायला लागलीय, म्हणाली. मी गेल्यावर हिला विसरू नका. मुकिसीगे.

म्हणजे, हिला सीगा. त्यांच्या लुगांडा भाषेत सीगा म्हणजे सारव. सीगा म्हणजे रंग मार. आणि चित्र रंगव म्हणायचं असेल तरी सीगाच. इंग्रजीत तिने या कामासाठी पानोपानी वेगवेगळे शब्द वापरले होते, जपणं वेगळं, डागडुजी वेगळी, उडालेला रंग भरणं वेगळं, आणि विद्यार्थ्यांनी ते एकमेकांत मिसळले तर त्यांचे गुण कापले होते. तिला म्हणायचं होतं, चित्र पुन्हा नीट करून घ्या. त्या दिवशी ती दमली होती, आणि आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलत होती. तिथे एकच शब्द होता. तो तिने वापरला.

"तरी बरं," लुयोम्ब्या म्हणाला, "नुसता चुना आहे. चुना निघतो. हळूहळू, कपच्या काढत. मी करून बघितलंय दुसरीकडे. पण त्यावर तेलरंग द्यायचाय त्यांना. ऑगस्टमध्ये मरियेचा सण आहे, त्याच्या आधी. डबे आलेत. मलईचा रंग. तो एकदा चढला, की तो खालच्या रंगाला घेऊनच निघणार. मग संपलंच."

"मग फादरना सांग ना."

"सांगितलं. ते म्हणतात, बाईंचा शब्द होता, तुमच्या सांगण्यावरून कसा मोडू? बाईंच्या नवऱ्याने येऊन नको म्हटलं तर नको."

"मी?"

"तुम्हीच, सेबो. मी कोण? मी विद्यार्थी."

मुगालुला खिडकीबाहेर बघत बसला. त्याला कुठेही जायचं नव्हतं. बायको गेल्यापासून त्याला कुणाला काही समजावून सांगण्याचा कंटाळा आला होता. पेन्शनच्या खिडकीवर, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे ती गेली हे त्यालाच सांगावं लागलं होतं. आता ती काय म्हणाली होती हेही त्यालाच सांगावं लागणार होतं.

"पिकअपचा ब्रेक धड नाही," तो म्हणाला.

"मी चालवतो."

"तू चालवलीस तर ब्रेक लागणारच नाही. मीच जातो. एकटा."

बुलेगाला तो पोचला तेव्हा बायका चर्चच्या आवारात गवत कापत होत्या. त्याला बघून त्यांनी कोयते टाकले. सगळ्या गुडघ्यांवर बसून नमस्कार घालू लागल्या. "या, सेबो. वाईट झालं, सेबो. तुमचं दुःख आमचं दुःख." तो प्रत्येकीला उत्तर देत गेला. रिवाज असतो, टाळता येत नाही, आणि खरं तर त्याला टाळायचंही नव्हतं. इथे कुणी त्याला ती गेली का म्हणून विचारलं नाही. इथे सगळ्यांना माहीत होतं.

महिला मंडळाची प्रमुख नालोंगो देझिरान्ता. जुळ्यांची आई म्हणून नालोंगो. तिचं बाकी नाव घ्यायची कुणाला गरज पडत नसे. उंच, आवाज मोठा, गुडघ्याने अधू. ती उठता उठता म्हणाली, "किती वाळलात! तुम्हाला कुणी जेवायला घालत नाही का कंपालात?"

"मी स्वतः करतो."

"म्हणजे नाहीच. चला. आधी भिंत बघा, मग कोंबडी खा. भिंत बघून भूक लागेल."

फादर हसतमुखाने दार उघडून उभे होते. आत गेल्यावर मुगालुलाला डोळे बारीक करावे लागले. डावी बाजू लख्ख होती. सगळं चर्च मोठं वाटत होतं. जिथे तो शिडी धरून वर्षानुवर्षं उभा राहिला होता तिथे फरशीवर चुन्याचे थेंब होते. त्याला आधी एक भलतीच गोष्ट जाणवली, ती अशी की भिंत सुंदर दिसत होती. बायकांनी काम चांगलं केलं होतं. एकही ओघळ नव्हता.

"कशी झालीय?" फादरनी विचारलं.

"स्वच्छ झालीय," मुगालुला म्हणाला.

"ऐकलंत?" फादर बायकांकडे वळले. "सेबो म्हणतात स्वच्छ झालीय." बायकांनी आनंदाने आरोळी दिली. फादरना कुणीतरी बोलावलं म्हणून ते गेले. बायका जेवणाचं बघायला गेल्या. नालोंगो मागे राहिली. ती गुडघ्यामुळे बाकावर बसली, आणि तोही बसला. सांगायचं तर आत्ताच, असं त्याने मनाशी म्हटलं. वाक्य त्याने वाटेत तयार केलं होतं. चूक तुमची नाही, शब्दाची आहे. एवढंच सांगायचं.

"नालोंगो," तो म्हणाला, "चुना द्यायच्या आधी भिंत घासली होती का?"

"हे काय विचारणं झालं? न घासता चुना धरतो का? तुम्ही पाण्याचे लोक, तुम्हाला काय माहीत. तारेचा ब्रश घेऊन घासली. हात पोचतो तिथपर्यंत."

"आणि वर?"

"वर कोण चढणार? या बाया? वर तसाच बांबूला झाडू बांधून मारला चुना. देव काय वर चढून बघणार आहे?"

म्हणजे वरचे आहेत, त्याने मनात म्हटलं. खालचे गेले. रांग डोंगर उतरत यायची. पुढची माणसं वर होती आणि शेवटची अगदी खाली, बाकांच्या उंचीला. तो शेवटची माणसं कोण होती ते आठवू लागला.

"सेबो, तुम्हाला जल्लाद आठवतो?" नालोंगोने विचारलं.

आठवत होता. रांगेच्या शेवटी, भाला घेतलेला, रुंद चेहऱ्याचा.

"तो माझा बाप."

"काय सांगता!"

"मग? कालोलीला हुतात्मे भराभर मिळाले. सगळ्यांना हुतात्मा व्हायचं होतं. शिंप्याने तर नवा सदरा घालून येऊ का म्हणून विचारलं. जल्लाद व्हायला एक माणूस तयार होईना. शेवटी माझ्या बापाला म्हणाला, योझेफु, तू सायकली दुरुस्त करतोस, तुझे दंड बरे आहेत. बाप म्हणाला, कुणीतरी व्हायलाच पाहिजे ना, नाहीतर हे लोक हुतात्मे कसले होणार?" ती हसली. "सगळं लहानपण मला पोरं जल्लादाची पोर म्हणायची. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की माझ्याकडे बघायची. आणि बाप दर रविवारी येऊन बरोबर स्वतःच्या खाली बसायचा. मान वर करून बघायचा नाही, पण जागा सोडायचा नाही. गेला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो नव्हता. आई म्हणाली, फोटो कशाला, चर्चमध्ये आहे की."

मुगालुलाने भिंतीच्या खालच्या टोकाकडे बघितलं.

"तर प्रोफेसरबाई म्हणाल्या सीगा. मंडळात भांडणं झाली हो. अर्ध्या बाया म्हणाल्या, चित्र पुसायचं कसं? कुणाचा आजा आहे, कुणाचा काका आहे. मी म्हटलं, या बाईने आपल्या भिंतीसाठी आयुष्य घालवलं. आपल्याला कुणी विचारत नव्हतं तेव्हा ती आली. तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. ती मरताना म्हणते भिंत मरतेय, हिला रंग द्या, तर आपण कोण नाही म्हणणार? मीच सगळ्यांना राजी केलं." तिने गुडघा चोळला. "आणि बाप मी स्वतः पुसला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ब्रश घेऊन बसले, आणि म्हटलं, बाबा, माफ कर, प्रोफेसरबाईंनी सांगितलंय. सगळ्यांत आधी डोळे घासले. म्हणजे तो बघत राहायला नको."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "नालोंगो, शेंगदाण्याच्या रश्शात मीठ घालू?"

"नको, तू साखर घाल!" ती ओरडली. मग त्याच्याकडे वळली. "मूर्ख आहेत. तुम्ही काही बोलणार होता ना?"

त्याला बोलायचं होतं. बोलला असता, तर वरचे चेहरे परत आले असते. शिंपी आला असता, दूधवाला आला असता, त्यांच्या नातवंडांनी बोटं दाखवली असती. आणि रांगेच्या शेवटी भाल्याचं टोक आलं असतं, त्याच्या खाली काहीच नाही. ते कुणी घासलं हे सगळ्या मंडळाला माहीत होतं. ही बाई दर रविवारी त्याच्यासमोर बसली असती. आणि नाही बोलला, तर मलईचा रंग चढणार, आणि स्पेरान्साने ज्याच्यासाठी पाय सुजवले ते सगळंच जाणार. तो एवढा थकला होता की त्याला वाटलं, कुणीतरी तिसऱ्याने येऊन हे बोलून टाकावं. पण आत ते दोघंच होते.

"तेलरंग एवढ्यात देऊ नका," तो म्हणाला.

"का?"

"अजून ओलुंबे काढायचंय तिचं."

हे त्याला आयत्या वेळी सुचलं. माणूस गेलं की मृत्यू घरात मुक्काम करतो. भाऊबंद जमून, वारस बसवून, त्याला रीतसर घराबाहेर काढतात, त्याला ओलुंबे काढणं म्हणतात. तोपर्यंत सुतक. बाईचा वारस तिच्या पोरांतून होत नाही. पोरं बापाच्या कुळाची. स्पेरान्साच्या भावाची मुलगी तिच्या जागी बसायची होती, आणि तिच्या माहेरचे लोक दिवस ठरवायची वाट बघत होते.

नालोंगो विचारात पडली. "चुना दिला तेव्हा चाललं, आणि रंग चालत नाही?"

"चुना पांढरा असतो. रंग म्हणजे सण. तिचं सुतक आहे तोवर तिच्या भिंतीवर सण नको."

"खरंय," ती हळूच म्हणाली. "आमच्या लक्षात कसं आलं नाही? बरं झालं, तुम्ही आलात." आणि उठून दाराकडे जात तिने बाहेर हाक मारली, "ए बायांनो! डबे सामानाच्या खोलीत ठेवा! प्रोफेसरबाईंचं ओलुंबे झाल्याशिवाय कुणी ब्रशाला हात लावायचा नाही! फादरना मी सांगते!"

कोंबडी केळीच्या पानात शिजवली होती. पुरुषांच्या मानाचा तुकडा त्याच्या पुढे ठेवला गेला. त्याने सगळं खाल्लं, कारण सगळ्या बघत होत्या. परतीच्या वाटेवर ब्रेकने त्याला दोनदा घाबरवलं.

लुयोम्ब्याचा फोन सकाळीच आला. "सांगितलंत?"

"तेलरंग थांबवलाय."

"पण सांगितलंत का?"

"खालचे नाहीत, लुयोम्ब्या. तारेच्या ब्रशने घासलेत."

मग लुयोम्ब्या म्हणाला, "वरचे तरी काढू. किती दिवस थांबवलाय?"

"ओलुंबे होईपर्यंत."

"ते कधी आहे?"

चुलीवर भांडं आहे म्हणून मुगालुलाने फोन ठेवला. त्याच आठवड्यात स्पेरान्साच्या भावाचा फोन आला. "अहो भावोजी, दिवस कधी धरायचा? आमची मुलगी शिवलेला नवा पोशाख घेऊन बसलीय. बहिणीला अशी किती दिवस अधांतरी ठेवणार तुम्ही? घरात मेलेलं माणूस बसवून जेवता तरी कसे?"

"जेवतो," मुगालुला म्हणाला. "थोडं थांबा. माझी तब्येत बरी नाही."

"सप्टेंबरमध्ये धरू?"

"बघू."

मरियेचा सण होऊन गेला. प्रकाशकाची दोन पत्रं आली, फोटोंचं विचारणारी. लुयोम्ब्या दर रविवारी येतो, कालचं उरलेलं खातो, आणि त्याला म्हणतो, सेबो, दमटपणात चुना घट्ट धरतो, पाऊस लागायच्या आत हात घालायला हवा. मुगालुला हो म्हणतो. पिकअपचे ब्रेक त्याने दुरुस्त करून घेतलेत. संध्याकाळी तो दोघांचं जेवण करतो, कारण एकट्याचं करायचं माप त्याला अजून जमत नाही. स्पेरान्साची खोली बंद आहे. ती गेली तेव्हा होती तशीच आहे, आणि घरातल्या रिवाजाप्रमाणे स्पेरान्सा अजून तिथेच आहे असं धरायचं.

दिवस ठरलेला नाही. नालोंगोला अजून सांगायचं राहिलंय.